अठरा बाय चोवीस

दारातल्या पोराला पास दाखवला तर म्हणाला,
काका, चित्रं न्हाईत बरं का आज.
म्हटलं, ठाऊक आहे. माझ्याकडंच आहेत.
शुक्रवार पेठेत, दुकानात,
भिंतीकडं तोंड करून अकरा चित्रं उभी आहेत.
चौकटींना वाळवी लागली होती.

इथं भिंतीवर त्यांच्या जागा तेवढ्या राहिल्यात.
भोवतीचा रंग पिवळा पडलेला,
आणि चित्राखालचा चुना
अंगठी काढलेल्या बोटासारखा उजळ.

एकेका जागेपुढं एकेक माणूस उभा.
काळे कपडे, हातात कागद, पाय अनवाणी.
मी मापावरून ओळखतो.
तीस बाय चाळीसपुढं एक जाडसर गृहस्थ.
वीस बाय तीसपुढं कॉलेजचं पोरगं, सारखं आवंढा गिळणारं.
खिडकीजवळ, अठरा बाय चोवीसपुढं,
शलोमी हिरवे.

ब्रह्मपुरीची. फाल्गुनात वडलांचा फोटो टाकून गेली,
ती आलीच नाही. आठ महिने झाले.

सुरू कधी झालं कळलं नाही.
कुणीतरी ओठ मिटून घुमलं,
मला वाटलं पंखा.
मग पलीकडच्या भिंतीतून शेजारचाच सूर,
अगदी खेटून, पण मिळेना.
शब्द नाहीत. ठेका नाही.
मला भजनाची सवय, समेची वाट बघत
मांडीवर बोटं नुसतीच उचललेली राहिली.

चाळीस वर्षं मी पंचेचाळीस अंशात पट्ट्या कापतोय.
कोपरा मिटला नाही तर जेवण जात नाही मला.
आणि हे दोघं केसभर फट ठेवून
खुशाल उभे, कुणी रंधा मारेना.
शेजारच्या बाई कानाशी आल्या,
चुकाय लागल्यात काय हो?
मीही मान डोलावली.

पण मग त्या फटीत काहीतरी थरथरायला लागलं.
एक तिसराच आवाज,
कुणाच्याच तोंडातला नव्हे.
मी तोंडं मोजली. अकराच.

काच चित्राला टेकवायची नसते.
आमच्याकडची ओल आत शिरते, रंग काचेला धरतो,
सोडवायला गेलं की नाक तरी जातं
नाहीतर डोळा.
म्हणून मध्ये पुठ्ठा घालायचा, दोन सुतांची जागा.
गिऱ्हाईक विचारतं, ही कशाला?
मी सांगतो, श्वासाला.
सांगत आलो सवयीनं.

मध्येच सीपीआरच्या फाटकात रुग्णवाहिका शिरली.
हात करणाऱ्या बाईंनी हात खाली घेतला नाही.
त्या जाडसर गृहस्थानं तो भोंगा खालून धरला,
जिन्यावरून कपाट नेताना
खालच्या पायरीवरचा माणूस धरतो तसा.
भोंगा थांबला.
त्यानं सावकाश टेकवला.

शेवटी शलोमी एकटी उरली.
आ नाही, ओ नाही, तोंड दोन्हींच्या मध्ये कुठंतरी,
आणि एकच स्वर, लांब.
तिचं डोकं चौकोनात मधोमध नव्हतं, बोटभर डावीकडं.
भिंतीवरचं असतं तर उठून सरळ केलं असतं.
तिच्या वडलांचा चेहरा आठवून बघितला.
रोज फडकं मारतो मी त्या काचेवर,
पण मिशाच आठवल्या. शर्टाचं वरचं बटण.

संपलं तेव्हा टाळ्या कधी वाजवायच्या
कुणालाच कळेना. बाहेर एक रिक्षा वळून गेली.

चपला हातात घेऊन ती आली.
काका, फोटो...
केव्हाच झालाय.
नेते मी. कुठं लावायचा ते अजून...
म्हटलं, राहू दे. दुकानात जागा आहे.
नाही खरं तर. अकरा चित्रं आहेत.

घरी बायकोनं विचारलं, काय गायले?
मी ओठ मिटले, करून दाखवलं.
ती स्वयंपाकघरातून म्हणाली,
फ्रीज वाजाय लागलाय काय, बघा जरा.